जुलैमध्ये ग्रँड कॅनियन आणि झायन: सह्याद्रीत मुरलेल्या वडिलांनी एका दिवसात नदी गाठून परतावे का?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येत आहेत आणि त्यांना घेऊन लास व्हेगासहून गाडीने पाच दिवसांची फेरी करण्याचा विचार आहे: ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ, पेज गावाजवळचे अँटिलोप कॅनियन आणि शेवटी युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यान. बरोबर पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा असेल. मुक्काम सगळीकडे हॉटेलातच असल्यामुळे तंबू, शिधा यांचा प्रश्न नाही. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत खोलीवर परतायचे, एवढेच.

बाबा ६४ वर्षांचे आहेत. दर रविवारी सिंहगड, नळीच्या वाटेने दोनदा हरिश्चंद्रगड, कळसूबाई किती वेळा याची गणती नाही आणि दोन वर्षांपूर्वी सांदण दरी, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांनी कुठेतरी वाचले आहे की साउथ कैबाब वाटेने उतरून कोलोरॅडो नदी गाठायची आणि ब्राइट एंजल वाटेने वर यायचे, हे सुमारे २७ किलोमीटर होतात आणि धडधाकट माणसे ते एका दिवसात करतात. त्यांचे म्हणणे असे की येथे आधी उतरायचे आणि मग चढायचे असल्यामुळे पहिला अर्धा दिवस जवळजवळ फुकटच पदरात पडतो. मला हा युक्तिवाद कुठेतरी खटकतो, पण नेमके काय खटकते ते त्यांना पटेल अशा शब्दांत सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न झायनमधील नॅरोजचा आहे. नदीच्या पात्रातूनच चालत जायची ती घळ मुलाला दाखवायची फार इच्छा आहे. त्याला पोहता येते. परंतु तिकडेही जुलैमध्ये मान्सून असतो असे वाचले आणि गोंधळलो, कारण हवामानाच्या पानावर तर रोज सूर्यच दिसतो.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तीन-चार किलोमीटर ती सहज चालते, मात्र पायऱ्या उतरताना त्रास होतो. तिने दिवसभर गाडीत किंवा खोलीत बसून राहावे असे आम्हाला वाटत नाही. या भागात प्रत्यक्ष चाललेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कातळकडा

मी बारा वर्षे फीनिक्समध्ये आहे आणि मूळचा जुन्नरचा, त्यामुळे तुमच्या वडिलांचा युक्तिवाद मला घरच्यासारखा वाटला. पहिल्या वर्षी मीही तोच केला होता.

सह्याद्रीत आपण पहाटे पायथ्याच्या गावातून निघतो, ताज्या पायांनी आणि गार हवेत चढतो, दुपारपर्यंत माथ्यावर पोहोचतो आणि थकल्यावर उतरतो. वर जावे तशी हवा निवते, आणि पाय बोलायला लागले की कुठूनही मागे फिरता येते, कारण मागे फिरणे म्हणजे उतरणे असते. ग्रँड कॅनियनमध्ये हे सगळे उलटे आहे. दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्यामुळे जुलैच्या सकाळी तेथे हवा सुखद असते, पाय आपोआप उतरत जातात आणि काहीच त्रास होत नाही, हाच मोठा धोका आहे. दर ३०० मीटर उतरल्यावर तापमान साधारण तीन अंशांनी वाढते. नदीकाठच्या फँटम रँचवर जुलैतील दुपारचे सरासरी कमाल तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि हा आकडा सावलीतला आहे. म्हणजे सर्वांत कष्टाचा भाग, सुमारे १,३०० मीटरांची चढाई, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी आणि थकलेल्या पायांनी सुरू होते. तेथे मागे फिरण्याची सोय उरलेली नसते, कारण मागे फिरणे म्हणजे चढणेच. बाबांना म्हणावे, पहिला अर्धा दिवस फुकट नसतो, तो उसना घेतलेला असतो.

उद्यानाचे कर्मचारीही काठ ते नदी आणि परत हे एका दिवसात करू नका, असे स्पष्ट सांगतात, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आतल्या वाटांवर चढू नका, असेही बजावतात. हे फलक केवळ नवख्यांसाठी लावलेले नाहीत. वाटेत अडकून पडणाऱ्यांत तरुण आणि व्यायामाची सवय असलेली माणसेही असतात, कारण तीच पुढे जाण्याचे धाडस करतात.

माझी फजिती सांगतो. जून महिना होता. ब्राइट एंजल वाटेने तीन मैलांवरच्या विश्रांतिगृहापर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ मीटर खाली, आम्ही गप्पा मारत सव्वा तासात पोहोचलो. तेथे पाणी होते, सावली होती, म्हणून तासभर रेंगाळलो आणि अकरा वाजता चढायला लागलो. उन्हाचा सल्ला सगळ्यांकडून एकच मिळालेला होता, भरपूर पाणी पी, आणि तो मी इतका इमानाने पाळला की पाणी ढोसत गेलो आणि खाल्ले मात्र काही नाही, कारण उन्हात भूक मेलेली होती. दीड मैलाच्या विश्रांतिगृहाजवळ येईतो डोके ठणकू लागले, मळमळू लागले आणि हात सुजल्यासारखे वाटले. एका वाटसरूने माझी बाटली बाजूला ठेवायला लावली, मूठभर खारी बिस्किटे दिली आणि सावलीत बसवले. घामावाटे मीठ जात असताना नुसतेच पाणी पीत राहिले, तर रक्तातील सोडियम उतरते, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. वर पोहोचायला एकूण साडेचार तास लागले. तेव्हापासून माझ्या पिशवीत खारे दाणे, तिखटमिठाचा चिवडा आणि ओआरएसची पाकिटे असतातच. चढताना दर अर्ध्या तासाने, भूक असो वा नसो, मूठभर खायचे हा नियमच करून टाकला आहे.

आपल्याकडच्या सवयींपैकी आणखी एक सवय येथे दगा देते. सह्याद्रीत घामाने सदरा चिंब भिजतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते दिसते. येथील हवा इतकी कोरडी असते की घाम येतो तेव्हाच उडून जातो, अंग कोरडेच वाटते आणि टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते तेवढीच काय ती खूण. मात्र या कोरडेपणाचा फायदाही आहे. माठ मुंबईपेक्षा नागपुरात जास्त गार पाणी देतो ना, तसेच येथे सदरा आणि टोपी पाण्यात बुचकळून अंगावर चढवली की दहा-पंधरा मिनिटे स्वतःचाच माठ होतो. कोकणात याचा काही उपयोग होत नाही. येथे हा उपाय अक्षरशः जीव वाचवतो.

आता बाबांना काय दाखवायचे ते सांगतो. साउथ कैबाब वाट बाजूच्या दरीत न शिरता थेट डोंगरसोंडेवरून उतरते, त्यामुळे पहिल्या मैलातच दोन्ही बाजूंना सगळे उघडते. पहाटेची बस पकडून सूर्योदयाला, म्हणजे त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारास, वाटेला लागावे आणि सीडर रिज या पठारापर्यंत जाऊन परतावे. हे जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटर आणि ३४० मीटरांची चढाई आहे. त्यांना ते किरकोळ वाटेल, पण आठच्या आत काठावर आले की कळेल की ऊन कसे वर चढत होते. या वाटेवर पाण्याचा एकही नळ नाही, म्हणून माणशी दोन लिटर बरोबर हवेच. वाटेच्या आरंभापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाची मोफत बसच घ्यावी लागते. खेचरांचा तांडा आला, तर डोंगराच्या अंगाला सरकून निमूट उभे राहावे, दरीच्या अंगाला नव्हे.

हिशेबासाठी साधा नियम: उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरावा. एकूण तीन तास हाती असतील, तर एक तास झाला की जेथे असाल तेथून फिरावे, पुढचे वळण कितीही खुणावत असले तरी. आणि राजगडावर मिळते तसे लिंबू-सरबत घेऊन कोणी मावशी पुढच्या वळणावर बसलेल्या नसतात, एवढेही बाबांना सांगून ठेवावे.

ओलीवाट

ग्रँड कॅनियनविषयी वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी फक्त झायनबद्दल लिहिते. मी युटामध्ये राहते आणि नॅरोजमध्ये आतापर्यंत नऊ वेळा गेले आहे. दोनदा दारातूनच परत आले, आणि त्या दोन्ही निर्णयांबद्दल समाधानी आहे.

प्रथम मान्सूनबद्दल. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातही मोसमी वारे येतात आणि त्यांना मान्सून असेच म्हणतात. साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा जोर असतो. परंतु हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे जे येते, म्हणजे आठवडाभराची झड, धुके आणि ओसंडणारे ओढे, त्यातले काही येथे नाही. सकाळ लख्ख असते, दुपारी एकदोनच्या सुमारास पांढरे ढग फुगू लागतात आणि एखाद्याच पठारावर अर्धा-पाऊण तास मुसळधार कोसळते, तर शेजारच्या दरीत थेंबही पडत नाही. म्हणूनच तुम्हाला हवामानाच्या पानावर सूर्य दिसतो. तो खोटा नाही, पण तो गावापुरता आहे. तुमच्या घळीत येणारे पाणी मात्र भलत्याच ठिकाणी पडलेले असते.

तुम्ही सांदण दरीचा उल्लेख केला आहे, म्हणून तुलना सोपी जाईल. सांदणमध्ये आपण पावसाळा संपल्यावर जातो. पावसात तेथे कोणी उतरत नाही, कारण पाऊस डोक्यावरच पडत असतो आणि धोका उघड्या डोळ्यांना दिसतो. येथे धोका डोळ्यांना दिसत नाही. झायनचे कडे नवाहो सँडस्टोनचे, म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचे दगड झालेले आहेत. वरच्या पठारांवर माती पातळ, झाडी विरळ आणि उघडा कातळ भरपूर, त्यामुळे तेथे पडलेला जोराचा पाऊस मुरत नाही. पाटीवर ओतलेल्या पाण्यासारखा सरळ घरंगळत जवळच्या घळीत उतरतो. शंभर फूट रुंदीच्या ओढ्यात जे पाणी गुडघाभर असते, तेच दहा-वीस फुटांच्या घळीत शिरले की भिंतीसारखे उभे राहते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक अशाच पुरात बुडाले, आणि तो पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधील कीहोल या अरुंद घळीत सात जणांचा मृत्यू झाला. मी घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. डोक्यावर निळे आकाश आहे हा या ठिकाणी पुरावा ठरत नाही, इतकेच मनात पक्के बसावे म्हणून लिहीत आहे.

नॅरोज पाहायला दोन मार्ग आहेत. वरच्या बाजूने, चेंबरलेन्स रँचकडून १६ मैल उतरत येण्यासाठी परवाना लागतो आणि ते तुमच्यासाठी नाही. खालच्या बाजूने, टेंपल ऑफ सिनावावा या शेवटच्या बसथांब्यापासून, परवान्याशिवाय जाता येते. पहिला मैल रिव्हरसाइड वॉक नावाची फरसबंद, जवळजवळ सपाट वाट आहे. आईंना येथपर्यंत अवश्य आणा, नदीकाठी झाडांची सावली आहे आणि ओल्या कड्यांवर नेचे व फुले लोंबत असतात. ही वाट संपते तेथे माणसे नदीत उतरतात. व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांपेक्षा जास्त असेल किंवा पुराचा इशारा असेल, तर उद्यान नॅरोज बंद करते. त्याशिवाय राष्ट्रीय हवामान सेवा रोज पुराच्या शक्यतेची श्रेणी जाहीर करते. ती पर्यटक केंद्रात लावलेली असते. श्रेणी सर्वांत खालची असेल, तरच मुलाला घेऊन आत जावे. ‘शक्यता आहे’ असे लिहिलेले असेल, तर मोठी माणसे आपल्या जबाबदारीवर जातात. मी मुलाला नेणार नाही.

सकाळच्या पहिल्या बसने या, म्हणजे गर्दी लागायच्या आत आणि ढग जमायच्या कितीतरी आधी तुम्ही पाण्यात असाल. ऑर्डरविल ही बाजूची घळ जेथे मिळते, त्याच्या सुमारास वॉल स्ट्रीट नावाचा सर्वांत अरुंद भाग सुरू होतो. छायाचित्रांत सगळे तोच भाग पाहतात, पण तेथे पाणी चढले तर वर चढून बसायला जागा जवळजवळ नाही. नऊ वर्षांच्या मुलाबरोबर त्याच्या अलीकडूनच फिरावे, असे माझे मत आहे. अलीकडची घळही तोंडात बोट घालायला लावणारीच आहे. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पाला वाहत येणे, पातळी चढू लागणे किंवा वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच क्षणी उंचवटा गाठावा. अशा वेळी बाहेर पळण्याची शर्यत लावू नये.

पायांखाली काय असते, हे आधी माहीत असलेले बरे. शेवाळलेल्या नारळांच्या ढिगावरून, तेही वाहत्या पाण्यात, चालण्यासारखे ते असते. स्प्रिंगडेल गावात जाड तळाचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि खांद्याएवढी लाकडी काठी भाड्याने मिळते; काठी मुलालाही द्यावी. सँडल आणि कापडी बूट घालून आलेल्यांचे अंगठे मी फुटलेले पाहिले आहेत. कडक उन्हाळ्यातही पाणी गार असते आणि घळीत ऊन क्वचितच पोहोचते, म्हणून मुलासाठी कोरडे कपडे जलरोधक पिशवीत ठेवावेत.

आणखी एक बाब, जी पोहता येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना सांगावीच लागते. २०२० पासून व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळत आले आहेत. नदीचे पाणी पिऊ नये, गाळूनही नाही, आणि डोके पाण्याखाली बुडवू नये. मुलगा डुबकी मारायला सरसावेल. त्याला हे बसमध्येच बजावून ठेवा. पिण्याचे पाणी शेवटच्या थांब्यावर भरून घेता येते.

अर्धातासउशिरा

वरच्या प्रतिसादांत वाटांविषयी भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, पण घड्याळाविषयी आहे. टोपणनावावरून अनुभव ओळखावा.

ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करते. म्हणजे जुलैमध्ये लास व्हेगास, ग्रँड कॅनियन आणि पेज यांची वेळ एकच, तर झायनची एक तास पुढे. यात गंमत अशी की नवाहो नेशनची भूमी ॲरिझोनात असूनही तेथे घड्याळ पुढे करतात, आणि अँटिलोप कॅनियन नवाहो भूमीवर आहे. पेजच्या आसपास मोबाइल कधी या मनोऱ्याला तर कधी त्या मनोऱ्याला जोडला जातो आणि मनाला येईल तशी वेळ दाखवतो. तिकिटावरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. अँटिलोपमध्ये मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे चुकलेल्या वेळेला माफी नसते. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत. आईंसाठी अप्पर बरे, तरीही तेथे किती पायऱ्या लागतील ते विचारून ठेवावे.

खर्चाचेही पाहून घ्या. उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो, परंतु जानेवारी २०२६ पासून अनिवासींसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे, आणि पास नसलेल्या अनिवासी प्रौढांना ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. ग्रँड कॅनियन आणि झायन या दोहोंचा त्या ११ उद्यानांत समावेश आहे. आई-बाबा पाहुणे म्हणून येत असल्यामुळे हा हिशेब दारावर न करता घरीच करावा.

घाटमाथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सर्व वाचून दाखवले. ‘पहिला अर्धा दिवस उसना’ हे वाक्य ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सिंहगडावर माझ्या निम्म्या वयाची पोरे मागे राहतात, हे त्या गृहस्थांना कळवलेस का?” कळवले, असे समजावे. सीडर रिजवर त्यांची पूर्ण तयारी झालेली नाही. ब्राइट एंजल वाटेवर आणखी खाली असलेल्या हवासुपाय गार्डन्सपर्यंत तरी जाऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह आहे.

यात एक गोष्ट मी प्रश्नात लिहायला विसरलो होतो. बाबांना रक्तदाबासाठी रोज सकाळी एक गोळी असते, जिच्यामुळे लघवी जास्त होते. आईला मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते. याचा उन्हाशी काही संबंध येतो का?

नाडीठोके

मी डॉक्टर आहे, नागपूरची आहे, आणि वाळवंटी शहरातील आपत्कालीन विभागात काम करते. फोरमवरचा सल्ला हा तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

संबंध येतो, आणि चांगलाच येतो. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांमुळे पाण्याबरोबर सोडियमही जाते. उन्हातल्या चढाईत घामावाटे तेच होत असते. त्यामुळे बाबांना शुष्कता येण्याचा आणि, नुसतेच पाणी पीत राहिल्यास, सोडियम उतरण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे. रक्तदाबाची काही औषधे नाडीचा वेग आणि उष्णतेला मिळणारा शरीराचा प्रतिसादही बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी पुण्यातील त्यांच्या डॉक्टरांना गोळीचे नाव दाखवून दोन प्रश्न विचारावेत: चालण्याच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, आणि मीठ किती चालेल. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वर सुचवलेले खारे दाणे योग्यच आहेत, पण रक्तदाबाच्या रुग्णाने वर्षभर मीठ टाळलेले असते आणि त्या दिवशी ते एकदम हात आखडतील किंवा एकदम सैल सोडतील; म्हणून आधी विचारलेले बरे.

दुसरे म्हणजे सराव. शरीराला कोरड्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. बाबा जुलैतल्या पावसाळी पुण्यातून येणार, वर झोपेचे घड्याळ उलटे झालेले असणार आणि काठावरची उंचीही सिंहगडापेक्षा सुमारे ८०० मीटर जास्त. त्यांचे पाय तयार आहेत, याबद्दल मला शंका नाही. तयार नसते ते बाकीचे शरीर, आणि पाय तयार असलेला माणूसच त्याला अधिक दूर ओढत नेतो. हवासुपाय गार्डन्सपासून परतीची चढाई ९२५ मीटरांची आहे, म्हणजे कळसूबाईच्या तोडीची. ऑक्टोबरच्या अखेरीस मी त्यांना आनंदाने जा म्हटले असते, जुलैमध्ये नाही.

मळमळ, डोकेदुखी आणि गळून जाणे इथपर्यंत सावली, ओला सदरा, खारट खाणे आणि विश्रांती यांनी बहुतेक वेळा भागते. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजून मिळेल तेवढे पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी मदत बोलवावी. ब्राइट एंजलच्या विश्रांतिगृहांवर आणीबाणीचे दूरध्वनी आहेत. अशा माणसाला बळेच पाणी पाजू नये.

आईंचे इन्सुलिन बंद गाडीत पाच मिनिटेही ठेवू नका. जुलैच्या उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते आणि तापलेले इन्सुलिन दिसायला तसेच राहते, काम मात्र करीत नाही. गारवा टिकवणारी छोटी पिशवी त्यांच्या खांद्यावरच असू द्यावी, बर्फाला मात्र इन्सुलिन थेट टेकू देऊ नये. चालताना साखर उतरते, म्हणून खिशात गोळ्या-चॉकलेट असावे. चॉकलेट वितळते, राजगिऱ्याची चिक्की टिकते.

कातळकडा

डॉक्टरीणबाईंनी माझे काम सोपे केले. त्यांच्या मताला जोडून एक तडजोड सुचवतो: बाबांचा आग्रह राहिलाच, तर ब्राइट एंजलने पहाटे दीड मैलाच्या विश्रांतिगृहापर्यंत जावे. चढाई सीडर रिजएवढीच आहे, पण उन्हाळ्यात तेथे नळाला पाणी असते. मात्र जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे ते अधूनमधून बंद असते, म्हणून आदल्या संध्याकाळी पर्यटक केंद्रात फलक पाहूनच निघावे. दोन्ही वाटा दोन पहाटे झाल्या, तर त्यांना काही गमावल्यासारखे वाटणार नाही. माझी निवड विचाराल, तर एकच पहाट असेल तेव्हा साउथ कैबाब.

दिवसांची मांडणी अशी करावी. पहिला दिवस व्हेगासहून दक्षिण काठ, गाडीने साडेचार तास, संध्याकाळी फक्त काठावर भटकणे. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही, बाबा आणि मुलगा कैबाबवर. दुपारी सगळ्यांनी झोप काढावी, याला आळस समजू नये. तिसऱ्या दिवशी पेज, सुमारे अडीच तास. अँटिलोपचे तिकीट सकाळचे घेतले असेल, तर त्यासाठी आदल्या रात्रीच पेजला पोहोचावे लागेल. त्याच दुपारी झायनकडे निघावे. रस्ता दोन तासांचा, पण घड्याळात तीन. चौथ्या दिवशी नॅरोज, आणि त्या दिवशी पुराची श्रेणी वाईट निघाली तर पाचव्या दिवसाची सकाळ राखीव. म्हणूनच झायन शेवटी ठेवण्याचा तुमचा क्रम मला आवडला. नॅरोज दोन्ही दिवस बंद राहिले, तर बोगद्याजवळच्या कॅनियन ओव्हरलुकला जावे, एका मैलाचीच वाट आहे.

आता आईंसाठी. दक्षिण काठावर यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून गावाकडे जाणारी एक सपाट, फरसबंद वाट आहे, तिचे नाव ट्रेल ऑफ टाइम. तेथे प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरून जमिनीत ब्राँझच्या खुणा बसवल्या आहेत, आणि ज्या त्या वयाचे दगड वाटेच्या कडेला हात लावून पाहण्यासाठी मांडले आहेत. आजपासून मागे मागे चालत जायचे, साधारण दोन किलोमीटर. संध्याकाळी पाचनंतर निघाले तर ऊनही उतरलेले असते आणि बस मिळण्याची सोय दोन्ही टोकांना आहे. घळीच्या तळाशी जो काळा खडक दिसतो, त्याचे नाव विष्णू शिस्ट आहे. त्याच्याच भाऊबंदांना ब्रह्मा आणि राम अशी नावे आहेत. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८०च्या सुमारास येथील शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावे देण्याची प्रथा पाडली, त्यातून विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी शिखरे नकाशावर आली. विष्णू शिस्टचे वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षे, म्हणजे ती खूण वाटेच्या जवळजवळ शेवटी, १,७५०व्या मीटरच्या आसपास येते.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टची खूण तेथे कोणी लावलेली नाही, पण हिशेब सोपा आहे. संग्रहालयापासून ६६व्या मीटरवर थांबावे. सिंहगड, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचा कडा, सगळे तेथेच. बाबांचा फोटो मुलाला त्या जागी काढू द्या आणि पुढचे सतराशे मीटर आईंच्या चालीने चाला.